बंडीच्या चाकाचा सूर्य

पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डावीकडे पिवळा सूर्य, पुढे ओळीनं आठ गोळे, एकाला कडं, आणि सगळे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे खेटून. छापणाऱ्याचा दोष नाही. पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली तर सूर्य एक मीटरहून मोठा होतो आणि दोघांच्या मध्ये ११७ मीटर कोरा कागद लागतो. एवढा कागद कुठला प्रकाशक देणार? मग अंतरं गुंडाळली जातात आणि मुलं तेच चित्र घेऊन पदवीपर्यंत येतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला-वाणिज्यच्या मुलांनाही विज्ञानाचा एखादा विषय घेता येतो. त्यातून सूर्यमालेची तोंडओळख करून देणारा एक छोटा अभ्यासक्रम माझ्याकडे आला. वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. रात्री रोही आणि रानडुकरांपायी हरभऱ्यात जागलीला जाणारी, म्हणजे आकाश माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलेली. त्यांना फळ्यावर वर्तुळं काढून दाखवताना माझी मलाच लाज वाटायला लागली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी सातला सगळ्यांना रस्त्यावर काढलं.

प्रमाण सोपं ठेवलं. रस्त्यावरचा एक मीटर म्हणजे अवकाशातले दहा लाख किलोमीटर. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. या हिशेबानं सूर्याचा व्यास येतो १.३९ मीटर, साडेचार फूट. एवढं गोल आणायचं कुठून? एका मुलाला आठवलं, सुताराच्या दारात बंडीचं जुनं लाकडी चाक टेकवून ठेवलेलं असतं. आता सगळ्यांच्या बंड्यांना रबरी टायर आले, ती लाकडी चाकं पडूनच असतात. मोजलं तर धावेसकट बरोबर साडेचार फूट. सुतारकाकांनी विचारलं, "कायले पाह्यजे?" सूर्य करायचा आहे म्हटल्यावर त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं. "न्या. पन सांजच्याले आनून द्या."

चाक कॉलेजच्या फाटकाला टेकवलं. सूर्य म्हणजे नुसता मोठा गोळा नव्हे, सूर्यमालेचं जवळजवळ सगळं वजन त्याच्यातच आहे. कापसाचा हिशेब केला की कळतं. पूर्ण सूर्यमाला एक क्विंटल भरली असं धरा. त्यातला सूर्य ९९ किलो ८६० ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या चिमूटभरात गुरूचे सुमारे ९५ ग्रॅम. आपल्या पृथ्वीचा वाटा एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी, तीन-चार सरक्यांएवढा. काटा मारणारा व्यापारी याच्या कितीतरी पट सहज खिशात घालतो.

आणखी एक सोय केली. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे आमच्या रस्त्यावर सेकंदाला तीस सेंटिमीटर. एक फूट. बंडीचा बैलसुद्धा याहून तिप्पट वेगानं चालतो. बी.ए.च्या एका मुलानं प्रकाश व्हायचं कबूल केलं. मोबाइलमध्ये सेकंदाची टिकटिक लावायची, आणि प्रत्येक टिकेला एक पाऊल. तेही टाचेला चवडा चिकटवून, बुटाच्या मापानं. सात वाजता तो चाकापासून निघाला आणि आम्हीही निघालो. पोरं त्याला हसत होती.

पहिला थांबा बुध, ५८ मीटरवर. तुरीचा एक दाणा कागदावर ठेवून वर खडा ठेवला. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, पृथ्वीचं ३६५, नेपच्यूनचं १६५ वर्षांचं. लांबच्या ग्रहाला फेरा मोठा पडतो, वेळ जास्त लागणारच, असं सगळ्यांना वाटतं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. जुन्या माणसांनी खळ्यावरची पात पाहिली आहे. मेढीला बांधलेले बैल गोल फिरतात तेव्हा आतला बैल जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. सूर्यमालेत याच्या उलट. आतला ग्रह पळतो, बाहेरचा रेंगाळतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, नेपच्यून साडेपाचही नाही. कारण बैल एका दोरीला बांधलेले असतात, ग्रहांना अशी एक दोरी नाही. प्रत्येकाला सूर्य वेगळ्या ताकदीनं ओढतो. जवळच्याला जोरात, लांबच्याला हळू. जोरात ओढला जाणारा हळू चालला तर सूर्यात जाऊन पडेल, म्हणून टिकायचं तर त्याला पळणं भाग आहे. गोफण फिरवताना दगड हात ओढतो तेही असंच, आणि दोर सुटला तर दगड सरळ निघून जातो. सूर्याची ओढ या क्षणी संपली तर पृथ्वीही सरळ रेषेत निघून जाईल. (सोडलेल्या दोराची गोफण या वयाच्या मुलांनी पाहिलेली असेल का, अशी मला शंका होती. निम्म्यांनी पाहिली होती. उरलेल्यांच्या शेतात आता डुकरांसाठी फटाके वाजतात.)

शुक्र १०८ मीटरवर, एक बारकं गावरान बोर. पहाटे किंवा संध्याकाळी दिसणारी शुक्राची चांदणी ती हीच. तिच्याबद्दल एवढंच सांगितलं: बुधापेक्षा सूर्यापासून जवळजवळ दुप्पट लांब असूनही शुक्र त्याच्याहून जास्त तापलेला आहे, सुमारे ४६५ अंश. बुधाला हवा नाही, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री निघून जाते आणि पारा उणे १८० पर्यंत उतरतो. शुक्राभोवती कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे, आपल्या हवेच्या ९० पटीहून जास्त दाबाची. ऊब आत येते, बाहेर जात नाही. सूर्याचं अंतर हे तापमानाचं एक कारण झालं, एकमेव नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हटलं, कारण पुढच्या थांब्यावर ते लागणार होतं.

पृथ्वी. दुसरं बोर. इथं आम्ही तासभर थांबलो.

बोर १५० मीटरवर ठेवायचं होतं, मी १४७ वर ठेवलं. एका मुलीनं लगेच पकडलं, "सर, तीन मीटर कमी हाये." कमी होतं, कारण जानेवारी होता. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर. आमच्या रस्त्यावर हा फरक पाच मीटरचा. पोरं स्वेटर, मफलर गुंडाळून, नाकातून वाफ सोडत उभी होती. त्यांना मी सांगत होतो की वर्षभरात आपण सूर्याच्या सर्वांत जवळ आत्ता आहोत. चेहरे पाहण्यासारखे होते. "मे महिन्यात सूर्य खाली येते" हे वाक्य प्रत्येकानं घरी ऐकलेलं. मे महिन्यात तो खरं तर आपल्यापासून लांब चाललेला असतो.

मग विदर्भ भाजतो कशानं? बोरात एक काडी खुपसली, तोच पृथ्वीचा आस. ती सरळ नाही, २३.४ अंश कललेली आहे. फेरा मारताना हा कल आपली दिशा बदलत नाही. म्हणून वर्षाच्या एका टोकाला आपला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, दुसऱ्या टोकाला पाठ फिरवून. डिसेंबरात भर दुपारी नागपुरात सूर्य डोक्यावर येत नाही, आकाशात साधारण ४५ अंशांवर, म्हणजे अर्ध्या उंचीवर असतो. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, आणि तीच ऊब वाटून गेल्यामुळे वावराच्या एका सऱ्याच्या वाट्याला जेमतेम सत्तर टक्के येते. दिवसही लहान, सुमारे अकरा तासांचा. जूनमध्ये तोच साडेतेरा तासांच्या जवळ जातो.

सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो असे दिवस आपल्याकडे वर्षात दोनच. गेल्या मे महिन्यात परीक्षा चालू असताना आम्ही ते पाहिलं होतं. कॉलेजच्या पटांगणात पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा केला. बाराला सावली चार बोटंही नव्हती. मग ती पाइपाच्या बुडाशी सरकत गेली, कोणी हळूच ओढून घ्यावी तशी. १२ वाजून १४ मिनिटांनी पाइपाला सावली नव्हती. वरून पाहिलं तर पाइपातून खाली उजेडाचा गोल पडलेला, त्याच्या कडेला जराही काळं नाही. आमचे शिपाईमामा बाजूला उभे होते. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. बोलले काही नाहीत.

यवतमाळच्या आसपास हा दिवस २२ मेच्या सुमारास येतो, नागपूरला २६च्या. त्या दिवसांत डोक्यावरचा सूर्य रोज साधारण वीस-बावीस किलोमीटर उत्तरेकडे सरकतो, म्हणून शून्य सावलीला यवतमाळहून नागपूरला पोचायला चार दिवस लागतात. एसटी तीन-साडेतीन तासांत नेते. आता आपल्या माणसांचा नवतपा आठवा. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की, २५ मेपासून पुढचे नऊ दिवस, बाहेर पडू नका असं म्हातारी माणसं सांगतात. डोक्यावर सूर्य, लांब दिवस, आणि ढग अजून आलेले नाहीत. नवतपा पंचांगातून आला असला तरी त्याच्या तारखा आणि नागपूरच्या शून्य सावलीची तारीख एकाच आठवड्यात पडते, हा योगायोग नाही, तिथं सूर्य खरोखरच तसा असतो. जूनमध्ये सूर्य आणखी उत्तरेला जातो, दिवस आणखी लांबतो, पण पाऊस येऊन उन्हाच्या आड उभा राहतो. दुसरी शून्य सावली जुलैत येते ती बहुतेक वेळा ढगातच वाया जाते.

रोहिणीचा विषय निघाला म्हणून तिथंच मृगाचा काढला. पेरणी मृगावर, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पण लागतो म्हणजे काय होतं, हे मात्र वर्गात कोणालाच सांगता आलं नाही. मी सगळ्यांना बोराजवळ उभं करून चाकाकडे बघायला लावलं. "चाकाच्या मागं काय दिसतं?" कडुलिंब. मग सगळे रस्ता सोडून बाजूच्या पराटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात शिरलो, चाकापासूनचं अंतर तेवढंच ठेवून वीस-पंचवीस पावलं चाललो. आता चाकाच्या मागं पाण्याची टाकी. चाक हललं नव्हतं, कडुलिंब हलला नव्हता. हललो होतो आम्ही.

नक्षत्र लागणं म्हणजे एवढंच. पृथ्वी फिरते म्हणून सूर्याच्या मागची चांदण्यांची पार्श्वभूमी बदलत जाते. आपल्या लोकांनी त्या वाटेचे २७ भाग केले. ३६५ भागिले २७ म्हणजे साडेतेरा दिवस, म्हणून सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. आणि याचा अर्थ असा की मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. तो सूर्याच्या मागं, भर दिवसाच्या उजेडात असतो. तो बघायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, जागलीत. पूर्वेला चार तारे आणि मध्ये हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन चांदण्या. जागलीवाल्या पोरांनी ते तारे शेकडो वेळा पाहिलेले आणि मृगही शेकडो वेळा तोंडात आलेला. हे दोन मृग एकच आहेत, ते त्या पराटीत उभं राहून कळलं. मला हा अभ्यासक्रम आवडतो तो अशा क्षणांसाठी. बाकी परीक्षेत विचारतात ते ग्रहांचे व्यास कोणीही पाठ करू शकतो.

चंद्र राहिलाच. ज्वारीचा दाणा, बोरापासून ३८ सेंटिमीटरवर, जेमतेम दोन विती. माणूस आजवर जास्तीत जास्त इथपर्यंत गेला आहे. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला या ज्वारीच्या दाण्याच्या दक्षिण टोकाकडे उतरला. ज्या अवकाश स्थानकात माणसं सहा-सहा महिने राहतात ते बोराच्या सालीपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ आहे. त्याला आपण अवकाशात गेले म्हणतो! भारताचं आदित्य एल-१ बोरापासून चाकाच्या दिशेनं दीड मीटरवर उभं राहून सूर्य पाहतं. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस मागं राहतात. ते साठलेले दिवस अधूनमधून अधिक महिन्यानं फेडावे लागतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. जावयाला धोंड्याचं जेवण मिळतं ते या अकरा दिवसांच्या उधारीमुळे.

एवढ्या वेळात आमचा प्रकाश पुढं निघून गेला होता. तो पृथ्वीपाशी पोचला तेव्हा घड्याळात सात वाजून आठ मिनिटं झाली होती. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, हे वाक्य पोरांनी हजारदा वाचलं असेल. पण मित्राला टाच-चवडा करत समोरून येताना पाहून वाट बघणं वेगळं.

मंगळ २२८ मीटरवर. हरभऱ्याचा दाणा कागदावर ठेवला आणि मी मंगळयानाची गोष्ट सांगायला लागलो. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं. या दोन ग्रहांमध्ये आमच्या रस्त्यावर ऐंशी मीटर, पण यान सरळ जात नाही. दोन्ही ग्रह पळत असतात, म्हणून ते मोठा वळसा घेऊन मंगळ जिथं पोचणार असतो तिथं जातं. हे हातवारे करून सांगेपर्यंत मागून एक शेळी आली आणि मंगळ कागदासकट खाऊन गेली. पोरं रस्त्यावर लोळली. वर्गातली एक मुलगी, जिच्या लग्नाचं घरी चाललं होतं, हात जोडून म्हणाली, "बरं झालं माय, माह्या पत्रिकेतला गेला." मी फलज्योतिषावर एरवी अर्धा तास घेतो. त्या दिवशी घेतला नाही, शेळीनं काम केलं होतं.

पुढं ३३० ते ४८० मीटरच्या पट्ट्यात लघुग्रह. चित्रपटात यानं त्यांच्यातून वाकडीतिकडी पळतात, तसं तिथं काही नाही. सगळे लघुग्रह गोळा केले तरी चंद्राच्या वजनाच्या तीन टक्के होतात, आणि सगळ्यांत मोठा सेरेस आमच्या रस्त्यावर खसखशीचा एक दाणा. पण त्यातला एखादा वाट चुकून इकडे येतो. त्यातल्याच एकानं बुलडाणा जिल्ह्यात बेसाल्टच्या काळ्या खडकात लोणारचं विवर पाडलं, १.८ किलोमीटर व्यासाचं. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. वय काढायच्या एका पद्धतीनं ते ५२ हजार वर्षांचं येतं, दुसऱ्या पद्धतीनं पाच लाख ७० हजार. विज्ञानात असे वाद असतात आणि ते मुलांपासून लपवू नयेत असं माझं मत आहे.

वरून पडणारं सगळंच आकाशातलं नसतं, हेही विदर्भानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आगीचे गोळे ओळीनं आकाश कापत गेले. अनेकांना उल्कापात वाटला. थोड्या वेळानं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं सापडलं, आसपास धातूचे गोळेही. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. ओळखायची खूण वेगात आहे. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरनं घुसते, म्हणून डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच विझते. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा आठच्या आसपास वेगानं आणि अगदी तिरपा येतो. त्यामुळे तो मिनिटभर सावकाश जळत जातो, लोकांना मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळतो. व्हिडिओ नीट आला असेल तर बहुधा उल्का नव्हती.

या पट्ट्याजवळच सूर्यमालेतली एक सीमा आहे. आतले चार ग्रह लहान आणि दगडाचे, बाहेरचे चार अवाढव्य, वायू आणि बर्फाचे. हे असं का? जागलीतल्या शेकोटीवरून सांगितलं. शेकोटीजवळ बसलेल्याच्या घोंगडीवर दव पडत नाही, दहा पावलं लांब झोपलेल्याची सकाळी ओलीचिंब असते. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी कोवळ्या सूर्याभोवती धूळ आणि वायूची चकती फिरत होती. जवळ फक्त दगड आणि धातू घट्ट राहू शकले, पाण्याची वाफच राहिली. लांब, आमच्या रस्त्यावर चारशे मीटरच्या आसपास, पाण्याचं बर्फ जमायला लागलं. त्याला हिमरेषा म्हणतात. तिच्यापलीकडे माल जास्त, म्हणून गाभे मोठे झाले, आणि मोठ्या गाभ्यांनी आजूबाजूचा वायू ओढून घेतला. सगळ्यांत जास्त गुरूनं. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी त्याच्या निम्मे भरत नाहीत.

गुरू ७७८ मीटरवर, १४ सेंटिमीटरचं खरबूज. जानेवारीत ते मिळेना, एका मुलानं सोललेला नारळ आणला तो बरा पुरला. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके पाहिले, रोज जागा बदलणारे. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तिथं तडा गेला. साधी दुर्बीण हात टेकवून स्थिर धरली तरी ते आजही दिसतात. शनी दीड किलोमीटरच्या जरा अलीकडे, १४३० मीटरवर. त्याची कडी इकडून तिकडे चांगली २८ सेंटिमीटर भरतात, पण जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

इथून पुढं रस्ता कंटाळवाणा झाला. दोन्ही बाजूंना तूर, मधूनच कापूस वेचणाऱ्या बाया, आणि आमच्याकडे दाखवायला काहीच नाही. दीड किलोमीटर चाललो. एकानं विचारलं, "सर, कवा येते युरेनस?" मी म्हटलं, हेच शिकायला आलोत. सूर्यमालेत मुख्यतः काहीच नाही. वाटेत आम्ही प्रकाशाला गाठलं. तो मान खाली घालून टिकटिकीवर चालत होता. मोटरसायकलवरून जाणाऱ्या एकानं त्याला "बस ना मांगं" म्हटलं, त्यानं मान हलवली. कशासाठी हे ऐकून तो माणूस गाडी बंद करून थोडा वेळ त्याच्यासोबत चालला.

युरेनस २८७० मीटरवर, एक लिंबू. विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ ला शोधला. हा ग्रह ९८ अंश कललेला, म्हणजे आडवा पडून लोळत फिरतो. त्याची चाल हिशेबात बसेना म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं कागदावर गणित करून पलीकडच्या ग्रहाची जागा सांगितली. बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तो तिथंच सापडला. तो नेपच्यून, साडेचार किलोमीटरवर, दुसरं लिंबू. सापडल्यापासून त्याची सूर्याभोवतीची पहिली फेरी २०११ मध्ये पूर्ण झाली.

नेपच्यूनपाशी पुढचं गाव लागतं. दहा वाजले होते. पारावर टेकलो, चहा सांगितला. मागं वळून पाहिलं तर चाक दिसायचा प्रश्नच नव्हता. इथं ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या नऊशेव्या हिश्श्याएवढं. प्लूटोबद्दल कोणीतरी विचारलंच. मोहरीचा दाणा, सरासरी पावणेसहा ते सहा किलोमीटरवर, २४ ऑगस्ट २००६ पासून बटुग्रह. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ आता आमच्या मापानं पंचवीस किलोमीटर गेलंय, जेमतेम शेजारच्या तालुक्यापर्यंत. माणसानं बनवलेली सगळ्यांत लांब गेलेली वस्तू ती.

पारावर एक आबाजी बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग याच्या पुढचा तारा कुठी येते?" याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. प्रॉक्सिमा, सूर्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी, आमच्या प्रमाणात ४० हजार किलोमीटरवर. पृथ्वीचा पूर्ण घेरही तेवढाच आहे. म्हणजे या रस्त्यानं सरळ निघायचं, सगळी पृथ्वी पालथी घालायची, आणि उलट्या बाजूनं पुन्हा इथंच यायचं.

"म्हंजे आमच्याच गावात?"

"हो."

"मंग कायले जाता? बसा." त्यांनी चहाचा गिलास पुढं सरकवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रस्त्याच्या वळणावर आमचा प्रकाश दिसला. टाच-चवडा, टाच-चवडा. चार तास दहा मिनिटं. तो पाराशी आला, लिंबाला बूट लावला आणि मोबाइलची टिकटिक बंद केली. आबाजींनी विचारलं, हा कोण?

"सूर्यावरून आला, आबाजी. सातला निघाला होता."

आबाजींनी त्याच्या बुटांवरची धूळ पाहिली आणि चहावाल्याला हाक मारली, "अरे, याले दोन दे."